चाक आपण होऊन थांबेपर्यंत

बसा.

गॅलरीत गोणपाट अंथरलं आहे. त्यावर बसा. मांडी घाला, नाहीतर पाय सैल सोडा. पाठीला भिंत लागत असेल तर लागू द्या.

समोर सायकल आहे.

छताला झोपाळ्याच्या दोन कड्या आहेत. झोपाळा कधीच निघाला, कड्या राहिल्या. त्या कड्यांना दोर बांधून ही जुनी काळी सायकल टांगली आहे. एक दोर सीटखालून, एक हँडलखालून. दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर.

तिला आत्ता कुठे जायचं नाही. तुम्हालाही नाही.

श्वास घ्या. सोडा.

थंडीतली सकाळ आहे. ऊन कठड्यावरून आत उतरतंय आणि अजून फक्त मागच्या मडगार्डपर्यंत पोचलंय. शेजारी कुठेतरी कुकरची शिट्टी होते. मग पुन्हा शांत.

हात अजून लावू नका.

नुसतं बघा.

*

आता एक बोट पुढे करा.

पुढच्या चाकाला टेकवा. टायर कडक झाला आहे, त्याला बारीक भेगा पडल्या आहेत. बोटाला त्या भेगा लागू द्या.

आणि चाक हलकेच फिरवा.

खर्रर्र.

एक फेरा. मग अर्धा. आणि थांबलं. मधेच थांबलं, कुणी मनगट धरल्यासारखं.

हा आवाज ऐका. हे अडणं बघा.

पुन्हा एकदा फिरवा. पुन्हा तेच.

आज, उद्या आणि पुढच्या कितीतरी सकाळी आपल्याला एवढंच काम आहे. हे चाक आणि त्याचं फिरणं, या दोघांच्या मधे जे साचलंय ते हळूहळू काढायचं. चाकाला फिरायला शिकवायचं नाही. ते त्याला येतं.

घाई नाही.

*

थोडं पुढे सरका.

हँडलखाली, फ्रेमच्या गळ्याशी एक बिल्ला आहे. त्यावरची धूळ फुंकरीनं उडवा. बगळ्याचं डोकं दिसतं. लांब चोच, बारीक मान. आणि अक्षरं: रॅले, नॉटिंगहॅम.

इंग्लंडमधल्या त्या शहरात रॅले स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १८८० च्या दशकात तिथल्या एका छोट्या कारखान्यात आठवड्याला तीन सायकली घडत. रस्त्याचं नाव सायकलीला लागलं. पुढे कारखाना फार मोठा झाला, सायकली बोटींत चढून जगभर गेल्या.

पण आत्ता फक्त तो पहिला आठवडा मनात आणा. एका आठवड्यात तीन.

त्या हातांचा वेग आपल्या हातांत येऊ द्या.

आता मागच्या चाकाकडे या. मधोमध जाडसर हब आहे. त्यावर तेल आणि धूळ मिळून काळी साय धरली आहे. अंगठ्यानं पुसा. गोल गोल. अक्षरं वर येतात. स्टर्मी-आर्चर. ए डब्ल्यू. शेजारी दोन आकडे ठोकलेले आहेत. ५६. आणि ४.

वर्ष १९५६. महिना एप्रिल.

अंगठा तिथेच राहू द्या.

एप्रिल महिना. कुणीतरी हा आकडा ठोकला, हब खाली ठेवला, पुढचा उचलला.

तो ठोका अजून इथे आहे. तुमच्या अंगठ्याखाली.

*

पुण्यातल्या जुन्या बाजारात एका रविवारी ही मला दिसली. बंद पडलेल्या पंख्यांच्या आणि पत्र्याच्या डब्यांच्या मधे, भिंतीला टेकून. कुणाची होती ते तिच्यावर लिहिलेलं नाही.

पण झीज आहे. झीज वाचता येते.

डाव्या पायडलकडे बघा. त्याचं रबर गुळगुळीत झालंय, खाचा पुसल्या गेल्यात. उजव्याच्या खाचा अजून शिल्लक आहेत. कारण टांग मारणारा माणूस आधी डावा पाय पायडलवर ठेवतो. उजव्या पायानं जमीन मागे लोटतो, एकदा, दोनदा. मग उजवा पाय मागून, कॅरिअरवरून पलीकडे जातो. रोज. सकाळी जाताना, संध्याकाळी येताना.

डोळे मिटा. तो पाय बघा. चप्पल असेल. लोटणं, लोटणं, आणि टांग.

डोळे उघडा.

आता वरची आडवी नळी. तिच्या मधोमध काळा रंग गेला आहे. दोन वीत लांब, वरच्या बाजूनं, थेट धातूपर्यंत. धातू काळपट तपकिरी झालाय, पण घासून घासून इतका मऊ की त्यावर गंजसुद्धा नीट धरलेला नाही.

नळीवर कुणीतरी बसत असे. वर्षानुवर्षं. आधी लहान, मग मोठं.

तिथे तळहात ठेवा.

थंड आहे.

ठेवून द्या. काही बोलू नका, काही आठवायचा प्रयत्न करू नका.

हळूहळू नळीला तुमच्या हाताची ऊब येते. कुठपर्यंत हात आणि कुठून नळी, ते आता तितकंसं कळत नाही.

या जागेवर आपण रंग लावणार नाही. शेवटी मेणाचा पातळ हात फिरवू, म्हणजे गंज चढणार नाही. बस्स. ही जागा पुरी झालेली आहे.

*

आता एक अडलेली गोष्ट बघू.

पायडल ज्या दांड्याला आहे, तो क्रँक. आणि क्रँकला मधल्या एक्सलशी धरून ठेवणारी ही छोटी पिन. कॉटर म्हणतात हिला. पाचरीसारखी, एका बाजूनं तासलेली. कितीतरी पावसाळे ती इथेच आहे. लोखंडानं लोखंडाला घट्ट धरलंय.

हातोडी घ्यावीशी वाटते.

ते वाटणं बघा. खांद्यात ते कुठे आहे, दातांत कुठे आहे, ते बघा. तिथे श्वास जाऊ द्या.

हातोडी बाजूला ठेवा.

तेलाचा बुधला घ्या. पिनच्या वरच्या टोकाला एक थेंब. खालच्या टोकाला एक थेंब. थेंब कडेशी थांबतो, क्षणभर गोल राहतो. मग पसरतो. मग दिसेनासा होतो.

तो आत गेला. दोन धातूंच्या मधल्या केसाएवढ्या फटीतून. समईच्या वातीतून तेल ज्या ओढीनं वर चढतं, त्याच ओढीनं.

आपल्याला काही करायचं नाही. तेल करतंय.

आजचं काम संपलं. उठा. हात धुवा. संध्याकाळी या सायकलीजवळून जाताना फक्त एकदा तिच्याकडे बघा.

*

दुसरी सकाळ.

बसा. श्वास घ्या. सोडा.

पुन्हा एक थेंब वर. एक खाली.

आणि आता फडकं. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती बनियनचा तुकडा. कोमट पाणी, साबणाचा अगदी थोडा फेस. पिळून घ्या.

फ्रेमवरून फिरवा. वरून खाली.

फडकं काळं होतं. पाण्यात जातं. पुन्हा पिळलं जातं. पुन्हा फिरतं.

धुळीखालून काळा रंग वर येतो. खोल काळा, विहिरीतल्या पाण्यासारखा. आणि त्यात दोन सोनेरी रेघा. इतक्या बारीक, की कुणी श्वास रोखून ओढल्या असाव्यात.

त्या रेघांवर जोर चालत नाही. जोरानं पुसलं तर त्या फडक्यावर येतात आणि परत कधीच जात नाहीत.

म्हणून इथे हात आपोआप हलका होतो. मनगट सैल होतं. बोटं श्वासाबरोबर चालतात.

रेघेवरून एकदा. थांबा.

पुन्हा एकदा. थांबा.

आता हँडल. त्याच्या चकाकीवर तांबूस ठिपके आहेत, पुरळासारखे. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी फॉइलचा तुकडा चुरगाळा. पाण्यात बुडवा. ठिपक्यांवर हलके घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळे ओरखडा उठत नाही. पाणी तपकिरी होतं.

पुसा.

हँडलमध्ये गॅलरी दिसते. कठडा, कुंडी, आकाशाची एक वाकडी पट्टी. आणि त्यात एक लहानसा चेहरा.

काही ठिपक्यांच्या जागी सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिलेत. ते राहतील.

तुम्ही बघताय, आणि हँडल तुम्हाला दाखवतंय. एवढंच.

*

तिसरी सकाळ.

पुन्हा थेंब. वर एक, खाली एक.

मग सीट.

ही ब्रूक्सची आहे, बर्मिंगहॅमची. जाड चामड्याचा एकच तुकडा, पुढून मागे ताणलेला, तांब्याच्या रिव्हेटनी बांधलेला. आत गादी नाही. चामडंच गादी होतं, बसणाऱ्याच्या वजनानं, त्याच्याच मापाची.

कोरड्या फडक्यानं धूळ काढा. आता बोटं फिरवा. मागच्या रुंद भागात दोन उथळ खळगे आहेत. डावीकडचा थोडा अधिक खोल.

तो माणूस डावीकडे झुकून बसत असे.

बोट त्या खळग्यात ठेवा. त्याला कंबर दुखत असेल, किंवा नसेलही. हँडलला पिशवी अडकवत असेल, किंवा नसेलही. माहिती नको. खळगा पुरेसा आहे.

चामड्याला तहान आहे. पण त्याला तेलात भिजवायचं नाही, नाहीतर ते ढिलं पडतं, झोळीसारखं लोंबतं. मेणाचा पातळ थर बोटावर घ्या. बोटाच्या उबेनं मेण मऊ होऊ द्या. वरून लावा. मग सीटखाली हात घालून आतून लावा. आतली बाजू खरखरीत असते, ती जास्त पिते.

उन्हात ठेवू नका. सावलीत असू द्या.

पिऊ द्या.

त्याला पिताना बघता येत नाही. दोन तासांनी हात लावला की कळतं, मेण वर राहिलेलं नाही.

काही गोष्टी आपण बघत नसताना होतात. त्यांना तेवढी मोकळीक द्या.

*

चौथी सकाळ.

कॉटरवरचा नट सैल करा, पण काढू नका. टोकाशी राहू द्या, म्हणजे आटे वाचतील. क्रँकखाली लाकडी ठोकळा भक्कम टेकवा.

श्वास घ्या. सोडा. आता हातोडी उचला.

एक सरळ ठोका.

टक्.

सुटली.

बघा, किती लहान आवाज. तीन दिवस वाट पाहिली आणि एवढासा आवाज.

पिन तळहातावर घ्या. तासलेल्या बाजूवर तेलाची ओली रेघ आहे, अर्ध्यापर्यंत गेलेली. पहिल्या सकाळचा थेंब तिथवर चालत गेला होता.

*

पाचवी सकाळ. आज चाक उघडायचं.

पुढचं चाक चिमट्यातून काढा. मांडीवर आडवं घ्या. त्याचं वजन मांडीला जाणवू द्या.

एका बाजूचा नट काढा. मग कोन, म्हणजे छर्ऱ्यांना आत धरून ठेवणारा निमुळता नट, सोडवत आणा. सावकाश. शेवटचे आटे संपतात आणि कोन बोटांत येतो.

आत बघा.

वाटीच्या कडेनं गोलात बसलेले छर्रे. त्यांच्याभोवती जे एके काळी ग्रीस होतं, ते आता काळं, घट्ट, डांबरासारखं. रस्त्यांची धूळ त्यात आहे. जितके रस्ते, तितकी धूळ.

स्टीलच्या वाटीत थोडं रॉकेल घ्या. एकेक छर्रा टाका.

टिंग.

ऐका. पुढचा.

टिंग.

मोजू नका म्हटलं तरी मन मोजतं. मोजू द्या. एक. दोन. तीन. श्वासाबरोबर एक. पुढच्या श्वासाबरोबर पुढचा.

दहा या बाजूला. दहा त्या बाजूला.

वीस लहान गोळे. प्रत्येक ३/१६ इंचाचा, मसुराच्या दाण्याएवढा. यांच्यावर माणूस, दप्तर, भाजी, नळीवर बसलेलं मूल, सगळं पेललं गेलं.

वाटी हलवा. रॉकेल गढूळ होतं. छर्रे वर येतात. एक उचलून उजेडात धरा. त्याच्यावर बारीक डाग आहेत, चंद्रावरच्यासारखे. याच डागांची ती खर्रर्र.

यांना आता विसावू द्या. कागदाच्या पुडीत बांधा. नवे वीस छर्रे आणून ठेवले आहेत.

हबमधली वाटी पुसा. बोटावर फडकं गुंडाळून, आतून, गोल. पुन्हा. पुन्हा. काळं येतंय तोवर. मग राखाडी येईल. मग काही येणार नाही.

काही येईनासं झालं की थांबा.

ती स्वच्छ, रिकामी वाटी बघा.

आता नवं ग्रीस. मऊ, लोण्यासारखं. वाटीत बोटानं गोल फिरवा. एकेक छर्रा त्यात टेकवा. ग्रीस त्याला धरून ठेवतं, पडू देत नाही.

दहा. आणि दहा.

*

आता जी गोष्ट आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. बोटांनाच कळते.

कोन परत बसवा. बोटानं फिरवत आत न्या, छर्ऱ्यांना टेकेपर्यंत. चाक उभं धरा. एक्सल दोन बोटांत घेऊन फिरवा.

कोन फार आवळला तर एक्सल दाणेदार फिरतो. रवा चोळल्यासारखं लागतं.

फार सैल सोडला तर एक्सल डुलतो. टक टक हलतो.

या दोहोंच्या मधे एक जागा आहे. फार बारीक. पान्याच्या एवढ्याशा हालचालीत ती येते आणि निघून जाते.

डोळे मिटा.

आवळा, किंचित. फिरवा. रवा आहे.

सोडा, किंचित. हलवा. डुलतंय.

आवळा, त्याहून किंचित.

ती जागा शोधू नका. बोटांना ऐकत राहू द्या. अचानक एक्सल लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो आणि डुलत नाही.

इथे. हीच.

वरून दुसरा नट आवळताना ही जागा पुन्हा सरकते. सरकली तर पुन्हा या. तीनदा, चारदा. त्यात चूक काही नाही. यायची वाट आता माहीत झाली आहे.

श्वास घ्या. तुमच्या खांद्यांनाही बघा. आवळलेले आहेत का? किंचित सोडा.

*

सहावी सकाळ.

चाक पुन्हा चिमट्यात बसवलं आहे. टायर अजून चढवलेला नाही. नुसती रिम, आणि बत्तीस तारा.

फिरवा.

खर्रर्र नाही. चाक फिरतंय. पण बघा, रिम एका जागी डावीकडे जाते, मग उजवीकडे येते. लाट आल्यासारखी. चाक आउट आहे.

सायकलच्या दुकानात म्हणतात, आउट काढून देतो. किती साधं. आउट आलाय, तो काढायचा.

आमच्या गल्लीतल्या दुकानात एक काका खाली बसून आउट काढायचे. दुकानावर पाटी होती: ओव्हरऑइलिंग करून मिळेल. लहानपणी मी त्यांच्यासमोर उभा राहायचो. ते एक शब्द बोलत नसत. चाक फिरायचं, त्यांचा अंगठा चिमट्याला टेकलेला असायचा, आणि नख रिमपासून तांदळाच्या दाण्याएवढं लांब.

आता तुमचा अंगठा तिथे ठेवा. चिमट्याला टेकवा. नख रिमजवळ न्या. लावू नका.

नख आणि रिम यांच्या मधे उजेडाची फट आहे.

त्या फटीकडे बघा.

चाक सावकाश फिरवा. फट रुंद होते. अरुंद होते. नाहीशी होते, नखाला रिम लागते, सर्र. पुन्हा फट येते.

फक्त फट बघा. रुंद. अरुंद. सर्र. रुंद.

जिथे सर्र होतं तिथे चाक थांबवा. तिथल्या तारा बोटानं छेडा. एक डावीकडून आलेली, एक उजवीकडून. हबच्या दोन बाजूंनी सोळा-सोळा तारा येतात आणि रिमला आपापल्या बाजूला ओढून धरतात. तार ढकलू शकत नाही. ती फक्त ओढते. या ओढाताणीत चाक सरळ उभं असतं.

छेडा. ही टणटणते. ही नुसती भणभणते. ढिली आहे.

तारांचा छोटा पाना घ्या. ढिल्या तारेला पाव फेरा. तेवढाच. आणि जी जास्त ओढत होती, तिला पाव फेरा सूट.

चाक फिरवा. फट बघा.

पुन्हा पाव फेरा.

अर्धा नको. एक पूर्ण तर मुळीच नको. एका तारेला घाईनं ओढलं, तर चाक पलीकडे कुठेतरी वाकतं. बत्तीसही तारांना ते कळतं.

फिरवा. बघा. पाव फेरा.

फिरवा. बघा.

ऊन मागच्या मडगार्डवरून पुढे सरकून आता तुमच्या हातावर आलं आहे. येऊ द्या.

फिरवा.

फट आहे. अजून आहे. अजूनही आहे. चाकाचा पूर्ण फेरा झाला आणि उजेडाची ती रेघ एकसारखी राहिली. तांदळाच्या दाण्याएवढी, सगळीकडून.

हात खाली घ्या.

रेघ बघत राहा.

*

सातवी सकाळ. आज फक्त ऐकायचं.

मागच्या हबवर तेल घालायचं छोटं टोपण आहे. ते उघडा. पातळ तेलाचे पाच-सहा थेंब. टोपण मिटा. पायडल हातानं सावकाश फिरवा, म्हणजे तेल आतल्या सगळ्यांपर्यंत पोचेल.

या हबच्या आत तीन गिअर आहेत. आत काय आहे ते मनात बघा. मधोमध वीस दात्यांचं एक चक्र, एक्सलला घट्ट, न फिरणारं. त्याला सूर्य म्हणतात. त्याच्याभोवती वीस-वीस दात्यांची चार चक्रं. ती ग्रह. आणि सगळ्यांना कवेत घेणारं साठ दात्यांचं कडं.

मुठीएवढ्या अंधारात सूर्य उभा आहे आणि ग्रह फिरताहेत. १९५६ पासून.

एक्सलच्या उजव्या नटाला एक बारीक खिडकी आहे. गिअर दोनवर ठेवून तिच्यातून आत बघा. आतल्या सळईचा खांदा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत आला, की गिअरच्या बारीक साखळीची ओढ नीट जुळली. नसेल तर तिची ओढ बोटानं थोडी कमी-जास्त करा. पुन्हा खिडकीतून बघा.

आता हँडलवरची कळ तीनवर न्या. पायडल फिरवा.

टिक. टिक. टिक. टिक.

ऐका. पायडलच्या एका फेऱ्यापेक्षा चाकाचे फेरे कितीतरी जास्त. हबवरच्या साखळीच्या चक्राचे तीन होतात तेव्हा चाकाचे चार.

कळ दोनवर. चक्राचा एक, चाकाचा एक. टिक. टिक. अजून आहे.

कळ एकवर. हा चढाचा गिअर. चक्राचे चार, चाकाचे तीन.

आवाज नाही.

टिकटिक थांबली. चाक फिरतंय, साखळी फिरतेय, ग्रह फिरताहेत, आणि आवाज नाही.

चढावर ही सायकल गप्प होत असे. चढावर त्या माणसाला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येत असणार.

पायडल फिरवत राहा. कळ एकवरच राहू द्या.

तुमचा श्वास ऐका.

*

आज शेवटची सकाळ.

साखळी धुऊन, तेल देऊन चढवली आहे. कॉटर नवी आहे, एक्सलला धरून आहे. घंटी पुसली आहे. टायर नवे आहेत: २८ इंची, दीड इंच रुंद. असे टायर आपल्याकडे अजून बनतात, साध्या सायकलच्या दुकानात मिळतात, कारण अशा काळ्या सायकलींवरून अजून दूध जातं, गवताचे भारे जातात, माणसं कामाला जातात.

नळीवरच्या त्या दोन वितींवर मेणाचा हात फिरवा. एकदा. बस्स.

आता गोणपाटावर बसा. पहिल्या दिवशी बसला होतात तसेच. मांडी, किंवा सैल पाय. पाठीला भिंत.

श्वास घ्या. सोडा.

एक बोट पुढे करा. पुढच्या चाकाला टेकवा. टायर नवा, मऊ, किंचित चिकट.

हलकेच फिरवा. तेवढंच बळ, जेवढं पहिल्या दिवशी लावलं होतं.

बोट मागे घ्या.

चाक फिरतंय.

आवाज नाही. तारा दिसत नाहीत, त्यांच्या जागी एक धुकं आहे. धुक्यातून पलीकडची कुंडी दिसते.

काही करू नका. मोजू नका. चाकाबरोबर राहा.

वेग उतरतोय. धुक्यातून तारा परत येतात. आधी सावल्यांसारख्या, मग रेघांसारख्या. एकेक.

फिरतंय.

अजून फिरतंय.

आता अगदी सावकाश. हवा भरायचा व्हॉल्व्ह वर चढतो, माथ्यावर पोचता पोचता दमतो, आणि मागे वळतो.

थांबलं नाही. मागे येतंय.

खाली उतरतं, पलीकडे थोडं चढतं. पुन्हा अलीकडे येतं. चाकाची जी बाजू गुंजभर जड आहे, ती खाली जाते आहे, आणि सगळं चाक तिच्यामागून जातंय. पाळण्यासारखं. वर झोपाळ्याच्या कड्या आहेत, खाली चाक झुलतंय.

इकडे.

तिकडे.

इकडे, जरा कमी.

तिकडे, त्याहून कमी.

हबला घट्टपणा असता तर चाक कुठेही अडून राहिलं असतं. त्याला काही अडवत नाही, म्हणून ते झुलतंय. एवढ्याशा वजनालाही होकार देतंय.

इकडे.

तिकडे.

हललं का? हललं.

हललं का?

व्हॉल्व्ह तळाशी आहे. चाक थांबलं आहे.

कुणी थांबवलं नाही.

हात पुढे करा, नळीवरच्या त्या गुळगुळीत जागेवर तळहात ठेवा.

थंड आहे. ठेवून द्या. ऊब येईल.

मग दोर सोडायचे आहेत. मग चाकं जमिनीला टेकतील, आणि कुणीतरी डावा पाय त्या झिजलेल्या पायडलवर ठेवेल.

ते नंतर.

अजून उठू नका.